नवाबांच्या कोठ्या, सरकारच्या फायली

लखनौमध्ये स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खात्याचं काम घेऊन गेलेला माणूस एका वेधशाळेत शिरतो. नवाब नसीरुद्दीन हैदरने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासासाठी उभारायला घेतलेली ही ‘तारेवाली कोठी’. वाजिद अली शाहने १८४९ मध्ये वेधशाळा बंद केली. दुर्बिणी गेल्या आणि काही वर्षांनी तिजोऱ्या आल्या. जिल्हाधिकारी राहतात ती नूरबक्ष कोठी. राज्यपालांचं निवासस्थान म्हणजे हयातबक्ष कोठी. आरोग्य खात्याचे कारकून वर्षानुवर्षं दर्शनविलासात बसले, राज्याच्या पुरातत्त्व खात्याने रोशन-उद्-दौला कोठीत दप्तर मांडलं, आणि ला मार्टिनियरची मुलींची शाळा १८७० च्या दशकापासून खुर्शीद मंझिलमध्ये भरते आहे.

जागेची अडचण आली की मोकळी कोठी हेरायची आणि टेबलं लावायची, ही लखनौच्या कारभाराची दीडशेहून जास्त वर्षांची रीत. या रीतीमुळे बऱ्याच कोठ्या वाचल्या. ज्यांचा सरकारला उपयोग सापडला नाही, त्यांच्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली गेल्या. आणि ज्या वाचल्या त्या याच रीतीने आतून पोखरल्याही. लखनौच्या कार्यालयांचा इतिहास सांगायचा तर हे दोन्ही एकाच दमात सांगावं लागतं.

सुरुवात फेब्रुवारी १८५६ ची. डलहौसीने अवध खालसा केलं आणि वाजिद अली शाहची रवानगी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला झाली. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा आहे. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि दोन वर्षांनी लखनौ. साताऱ्याच्या राजवाड्यांत पुढे शाळा आणि न्यायालय आलं. नागपूरकर भोसल्यांच्या जडजवाहिरांचा लिलाव झाला. लखनौत मात्र मधे १८५७ आलं. जून अखेरीस रेसिडेन्सीला, म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटच्या निवासाला, वेढा पडला, आणि मार्च १८५८ मध्ये कॉलिन कँपबेलच्या फौजेने शहर पुन्हा घेतलं तेव्हा कैसरबागेची, म्हणजे वाजिद अली शाहच्या महालांची, जी लूट झाली, ती ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली आहे.

लुटीनंतर हिशेब सुरू झाला. रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनिअरने शहराची नवी आखणी केली. बंडखोरांना गल्लीबोळांचा पुन्हा आसरा मिळू नये म्हणून दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढायचे, असा त्याचा बेत होता. त्यात मोहल्ले, बाजार, मशिदी, वाडे जमीनदोस्त झाले. खुद्द कैसरबागेचा काही भागही गेला. जे उरलं ते सरकारजमा. जप्त झालेल्या या मिळकती ‘नझूल’ म्हणून नोंदल्या गेल्या. नागपूर-विदर्भातल्या लोकांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथल्या घरांच्या कागदांवर तो अजून आहे.

सरकारजमा झालेल्या मिळकतींत महालांची कमतरता नव्हती आणि नव्या राज्यकर्त्यांकडे इमारतींची होती. अवधचा चीफ कमिशनर, ज्युडिशियल कमिशनर, डेप्युटी कमिशनर, महसुलाचं दप्तर, खजिना, तुरुंग, दवाखाना, क्लब – सगळ्यांनाच छप्पर हवं होतं, तेही ताबडतोब. बड्या इमामवाड्यात कित्येक वर्षं लष्कराचा दारूगोळा होता. छत्तर मंझिल, म्हणजे सोनेरी छत्र्या मिरवणारा गोमतीकाठचा बेगमांचा महाल, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या युनायटेड सर्व्हिस क्लबकडे गेला. कैसरबागेतली घरं सरकारशी पुन्हा जुळवून घेतलेल्या अवधच्या तालुकदारांना, म्हणजे बड्या जमीनदारांना, वाटली गेली आणि सफेद बारादरी त्यांच्या संघटनेच्या हाती आली.

डेप्युटी कमिशनरची कचेरी भरली ती रोशन-उद्-दौला कोठीत. नसीरुद्दीन हैदरच्या वजिराने बांधलेली ही कोठी वाजिद अली शाहने आपल्याकडे घेऊन तिला ‘कैसर पसंद’ असं नाव दिलं होतं. आता तिथे खंडाचे, वारसाचे, हद्दींचे दावे चालू लागले.

एक इमारत मात्र मुद्दाम कचेरी केली गेली नाही, ती म्हणजे रेसिडेन्सी. तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तशाच राखल्या आणि तिच्या बुरुजावरचा युनियन जॅक रात्रीही उतरवायचा नाही असा शिरस्ता पडला. तो ऑगस्ट १९४७ मध्येच उतरला.

याच धामधुमीत शहराची नगरपालिका जन्माला आली. १८६० च्या दशकात लखनौला म्युनिसिपल कमिटी मिळाली. चुंगी, म्हणजे जकात, हा तिच्या उत्पन्नाचा कणा. अध्यक्षपदावर डेप्युटी कमिशनर. सभासदांत शहरातले रईस, महाजन, तालुकदार असले तरी सही एकाच माणसाची. कर बसवणारा, जमीन जप्त करणारा, रस्ता आखणारा आणि त्या रस्त्यासाठी घर पाडायची नोटीस देणारा अधिकारी एकच असला, की नगरपालिकेचं कार्यालय कुठे संपतं आणि सरकारची कचेरी कुठे सुरू होते, हे नागरिकाला कळायचं कारण नव्हतं. शहराच्या कमिटीला स्वतःचं घर असावं ही गरजच बराच काळ कुणाला भासली नाही.

याच्या उलट मुंबई. तिथल्या महापालिकेनेही आधी गिरगावात आणि मग एस्प्लनेडवर दिवस काढले, पण ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपनच्या हस्ते बोरीबंदरसमोर कोनशिला बसवून घेतली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आखलेली ती इमारत १८९३ मध्ये वापरात आली. व्यापाऱ्यांच्या, करदात्यांच्या शहराने स्थानकाच्या घुमटाला तोडीस तोड असा आपला मनोरा उभा केला. लखनौच्या नगरपालिकेला असा ऐटीचा प्रसंग लाभला नाही. तिचा काळ जप्तीच्या जमिनी सांभाळण्यात आणि चुंगीच्या नाक्यांवर गेला.

१८७७ मध्ये लखनौच्या कचेऱ्यांना ओहोटी लागली. अवधचं चीफ कमिशनरपद वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या पदात विलीन झालं आणि सत्तेची सूत्रं अलाहाबादला गेली. वरिष्ठ साहेब गेले की महालांचा भाव उतरतो. मग त्यांत संस्था शिरल्या. १८६३ मध्ये छोट्या छत्तर मंझिलीत सुरू झालेलं वस्तुसंग्रहालय १८८० च्या दशकात लाल बारादरीत हललं. सआदत अली खानाने बांधलेला हा दरबाराचा महाल. नवाबांची ताजपोशी इथे होत असे, आणि १८३७ मध्ये मुन्ना जान या दावेदाराला गादीवर बसवण्याचा डाव ब्रिटिश तोफांनी इथेच उधळला होता. त्या गादीच्या दालनात मग मूर्ती आणि नाणी मांडली गेली. संग्रहालयाला स्वतःची इमारत मिळाली ती १९६३ मध्ये, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात; मोकळी झालेली लाल बारादरी ललित कला अकादमीकडे आली.

कोठीला कोठी लागून असलेल्या या जगात एक मराठी पाऊलही उमटलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी राय राजेश्वर बली, राय उमानाथ बली यांच्या साथीने १९२६ मध्ये लखनौत संगीत महाविद्यालय काढलं आणि त्याला प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं नाव दिलं. सुरुवातीच्या भाड्याच्या कोठ्यांनंतर महाविद्यालय कैसरबागेतल्या परीखान्यात स्थिरावलं. वाजिद अली शाहच्या नर्तकी आणि गायिका जिथे तालीम घेत, तिथे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी दीर्घकाळ प्राचार्यपद भूषवलं. आज ते भातखंडे यांच्या नावाचं राज्य विद्यापीठ आहे. जप्तीच्या महालांतल्या सगळ्या भाडेकरूंत मूळ मालकाच्या आवडीशी जमवून घेणारा हा बहुधा एकटाच.

सत्ता लखनौला परतली ती हार्कोर्ट बटलर यांच्या हट्टामुळे. प्रांताच्या विधान परिषदेची पहिली बैठक ८ जानेवारी १८८७ रोजी अलाहाबादच्या थॉर्नहिल मेन सभागृहात झाली होती. परिषदेला स्वतःचं सभागृहच नव्हतं. पुढेही बैठका गावोगावी होत राहिल्या. बटलर यांनी पूर्वी लखनौचे डेप्युटी कमिशनर म्हणून काम केलं होतं. प्रांताचे प्रमुख झाल्यावर त्यांनी १५ डिसेंबर १९२१ रोजी कौन्सिल हाउसची पायाभरणी केली आणि २१ फेब्रुवारी १९२८ रोजी इमारत खुली झाली. हेच आजचं विधान भवन. सचिवालय मागोमाग टप्प्याटप्प्याने आलं.

लखनौच्या इतिहासात प्रांताच्या कारभारासाठी एवढी मोठी इमारत पायापासून बांधली जाण्याची ही पहिली वेळ म्हणायला हरकत नाही. अलाहाबादच्या मनातली सल मात्र राहिली. उच्च न्यायालय आणि लोकसेवा आयोग तिथेच आहेत, आणि लखनौत उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

कौन्सिल हाउसची चर्चा सुरू होण्याच्या जरा आधी, १९१६ मध्ये, लखनौच्या नगरपालिकेने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराकडून अहवाल लिहून घेतला. हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा सल्ला नेपियरच्या अगदी उलट होता. आधी आहे ते नीट पाहा, कमीत कमी पाडा, जुन्या वास्तूला नवं काम देताना तिचा पिंड ओळखा. सल्ल्यातलं ‘नवं काम द्या’ एवढंच लखनौने मनावर घेतलं, असं पुढचा इतिहास वाचताना वाटतं.

स्वातंत्र्यानंतर नव्या राष्ट्राच्या संस्थांनाही घर हवं होतं. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी जवाहरलाल नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्‍घाटन केलं ते छत्तर मंझिलीत. क्लबचा बॉलरूम गेला, प्रयोगशाळा आल्या. गोमतीच्या पाण्याने तळघरं गार राहावीत अशी ज्या इमारतीची रचना, तिच्यात नळ्या, वायू, रसायनं, प्राणिगृह अशी भर पडत गेली. ‘सहेली’ ही संप्रेरकविरहित गर्भनिरोधक गोळी या संस्थेच्या संशोधनातून आली. संस्थेने काम मोठं केलं; इमारतीला ते पेललं नाही. साठ वर्षांनी संस्था जानकीपुरम विस्तारातल्या नव्या आवारात गेली, तेव्हा मागे उरल्या सिमेंटच्या मधल्या भिंती, खोटी छतं आणि भिंतीभिंतीतून काढलेल्या पाइपांची भोकं.

यातला बिघाड जवळून पाहण्यासारखा आहे. या कोठ्या पातळ, चपट्या लाखौरी विटांच्या. सांध्यात चुना आणि सुरखी; गिलाव्याच्या चुन्यात उडदाची डाळ, गूळ, बेलफळाचा गर. ही भिंत ओल घेते आणि सोडते. कचेरी आली की बांधकाम खात्याचा मिस्त्री येतो आणि पडलेल्या पोपड्यावर सिमेंट मारतो. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती आत कोंडते, वर चढते आणि पुढच्या पावसाळ्यात दोन हात वरचा चुना फुगवून पाडते. मिस्त्री पुन्हा सिमेंट घेऊन येतो. त्यात खिडकीच्या कमानीत एसी बसवायला चौकोनी भगदाड, सज्ज्यावर पत्र्याची शेड, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि लाकडी तुळयांना न पेलणारी फायलींची कपाटं.

कोठ्यांच्या दारांवर चुन्यात घडवलेली जोड-मासोळी दिसते, ती अवधच्या नवाबांची खूण. उत्तर प्रदेश सरकारच्या राजमुद्रेतही त्याच दोन मासोळ्या आहेत, धनुष्याच्या जोडीला. दारावरच्या मासोळीचा शेपटाकडचा भाग गळून पडलेला आणि आतल्या टेबलावरच्या पत्रावर तीच मासोळी ठसठशीत छापलेली, असं दृश्य या इमारतींत नवलाचं नाही.

दुरुस्ती अशी का होत राहिली? कोठ्या जप्तीत मिळालेल्या, त्यामुळे खरेदीची किंमत कुठे लिहिलेली नाही. सरकारच सरकारच्या घरात बसलेलं, त्यामुळे भाड्याचीही चिंता नाही. ज्या जागेला हिशेबात किंमत नसते, तिच्या देखभालीलाही हिशेबात जागा नसते. खात्याचा प्रमुख दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. गळणारी गच्ची तो पुढच्यासाठी ठेवून जातो. पुण्याच्या विश्रामबागवाड्याची कथा फारशी वेगळी नाही. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा झाला, १८७९ च्या मे महिन्यात आगीत सापडला आणि विसाव्या शतकात पुणे नगरपालिकेचं कार्यालय झाला. महापालिका १९५० च्या दशकाअखेरीस शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली, तेव्हा कुठे वाड्याकडे वाडा म्हणून पाहायला फुरसत मिळाली. पोस्टाने तरीही तिथला कोपरा धरून ठेवला.

लखनौच्या नगरपालिकेला महापालिकेचा दर्जा मिळाला १ फेब्रुवारी १९६० रोजी. कानपूर, आग्रा, वाराणसी, अलाहाबाद आणि लखनौ या पाच शहरांना एकाच कायद्याने नगर महापालिका दिल्या गेल्या; राजकुमार श्रीवास्तव लखनौचे पहिले महापौर झाले. १९९४ मध्ये नाव ‘नगर निगम’ झालं. मुख्यालय लालबागेत, त्रिलोकीनाथ मार्गावर. पण शहराचा कारभार एका छपराखाली कधीच नव्हता. पाण्याचं दप्तर ऐशबागच्या जलकेंद्रात. नव्या वसाहती आखायचं काम १९१९ पासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे आणि १९७० च्या दशकापासून लखनौ विकास प्राधिकरणाकडे. घरं बांधायला वेगळी आवास विकास परिषद. ज्याला बांधकामाची परवानगी, नळजोडणी आणि घरपट्टी अशी तीन कामं आहेत, त्याने तीन दारं ठोठावायची.

राज्य सरकारने यावर उंच इमारतींचा तोडगा काढला. अशोक मार्गावर जवाहर भवन आणि इंदिरा भवन ही जोडगोळी उभी राहिली आणि ठिकठिकाणच्या कोठ्यांत विखुरलेली संचालनालयं मजल्यामजल्यांवर आली. बापू भवन, शक्ती भवन, योजना भवन ही त्याच पठडीतली. २०१६ मध्ये विधान भवनासमोर लोक भवन झालं आणि मुख्यमंत्र्यांचं कार्यालय तिथे गेलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयाचं खंडपीठ कैसरबाग सोडून गोमतीनगरला गेलं; विकास प्राधिकरण आणि पोलिस मुख्यालयानेही नव्या शहराचा रस्ता धरला. दीडशे वर्षं कैसरबागेत दाटलेली सत्ता अशी पूर्वेकडे सरकली.

तेव्हा एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. कोठ्या मोकळ्या झाल्या, आता त्यांचं काय करायचं? २०१६ च्या मे महिन्यात स्मार्ट सिटी योजनेत लखनौची निवड झाली आणि त्यासाठी निवडलेला भाग होता कैसरबाग. छत्तर मंझिलीच्या आवारात खोदकाम झालं, मातीखालून एक लांबलचक लाकडी होडी निघाली. दुरुस्तीसाठी पुन्हा चुना मळला गेला, डाळ भिजवली गेली. पाठोपाठ राज्य सरकारने छत्तर मंझिल आणि आणखी काही वारसा-वास्तू खासगी भागीदारीतून हॉटेल म्हणून चालवायला देण्याचं ठरवलं. ज्या इमारतीच्या भाड्याची सरकारला चिंता नव्हती, तिची आता निविदा निघते.

यातून एक फायदा नक्की आहे. गळती कोणी काढायची, हे करारात लिहावं लागेल. तोटाही उघड आहे. कचेरीत कामाच्या निमित्ताने का होईना, शहरातला कोणीही माणूस शिरू शकत होता. हॉटेलच्या दारात ते सोपं नसेल. दरम्यान १८५८ मधल्या त्या मूळ जप्तीची शेपटी अजून वळवळते. नझूल जमिनींचं विधेयक ३१ जुलै २०२४ रोजी विधानसभेत मंजूर झालं आणि दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेत अडलं. सत्ताधारी पक्षाच्याच सदस्यांनी हरकत घेतल्यावर ते प्रवर समितीकडे गेलं. पिढ्यान्‌पिढ्या या जमिनींवर राहणाऱ्यांची संख्या एवढी मोठी, की त्यांना हात लावणं कुठल्याच सरकारला सोपं नाही.

महापालिका मात्र लालबागेतच आहे, आणि तिच्यापुढचं काम कोठ्यांच्या हिशेबात बसणारं नाही. तिचे ११० प्रभाग आठ झोनांत वाटलेले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये आजूबाजूची ८८ गावं हद्दीत आली. मुख्यालयात सगळं एकवटलं तर फाइल लवकर हलेल, पण गावातल्या माणसाला घरपट्टीच्या तक्रारीसाठी शहर ओलांडून यावं लागेल. झोनांत वाटलं तर माणसाची पायपीट वाचेल, पण फाइल फिरत राहील. मोबाइलवर कर भरता येऊ लागल्याने हा पेच थोडा सैल झाला आहे. तरी नाल्याची मोजणी, अतिक्रमणाची सुनावणी, सफाई कामगारांची हजेरी यांना जागा लागतेच. आणि या ८८ गावांत ताब्यात घ्यायला नवाबाची कोठी नाही. तिथे कार्यालय हवं असेल तर जमीन मोजून, अंदाजपत्रक करून, पायापासून ते बांधावं लागेल.